सुतापेक्षा जरा जास्त

मिशीची गोष्ट आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. पट्टीची पुरी गोष्ट मात्र कुणालाच सांगायची नाही, असं आजोबांनी मला बजावलं होतं. तरी मी सांगते आहे. म्हणून निदान इथं त्यांना आजोबा म्हणणार नाही. नावानंच म्हणेन : हिंदुराव खराडे.

"...पण तुम्ही का करून देणार नाही?" हिंदुरावांनी विचारलं.

समोर बाबालाल मिस्त्री लाकडाच्या भुशात मांडी घालून बसले होते. हातात बशी, बशीत चहा.

"देईन की. पर मग त्या गाड्या माझ्या हुतील."

"तुमच्या कशा होतील? गाड्या आमच्या होत्या."

"हुत्या."

"मग?"

"मग हात बी तुमचेच लागत्यात."

हिंदुरावांनी आपल्या हातांकडं पाहिलं. एका हातात अंगठी होती. दुसऱ्या हातानं मिशीला पीळ भरला.

कोल्हापुरात मिशीला पीळ भरणारे पुष्कळ होते, पण खराड्यांच्या मिशीची बातच वेगळी. एके काळी त्यांच्या दारात चार गाड्या उभ्या असत. आधी फियाट आली, मग जीप, मग काळी अँबॅसिडर, आणि सगळ्यांत शेवटी पांढरीशुभ्र कंटेसा. कंटेसा गल्लीत वळली की पोरं भिंतीला चिकटत. पुढं दिवस फिरले. गाड्या एकेक करून गेल्या.

मिशी राहिली.

आता सत्तरी उलटल्यावर हिंदुरावांच्या मनात आलं होतं, की त्या चारही गाड्या पुन्हा दारात नाही, तर निदान टेबलावर उभ्या करायच्या. लहान, लाकडाच्या, पण हुबेहूब. खऱ्या गाडीच्या सोळाव्या हिश्शाच्या. आणि अशा कामासाठी उद्यमनगरात एकच माणूस होता.

बाबालाल मिस्त्री पॅटर्न मेकर होते. उद्यमनगरात फौंड्र्या आहेत, तिथं धातू वितळवून ओततात. पण ओतायच्या आधी त्या वस्तूचा लाकडी नमुना लागतो. तो वाळूत दाबून काढला की वाळूत त्याच आकाराची पोकळी राहते, आणि त्या पोकळीत धातू ओततात. हा लाकडी नमुना म्हणजे पॅटर्न. मिस्त्रींनी पन्नास वर्षं तेच काम केलं. चष्म्याला दोरी, कानावर पेन्सिल आणि तोंडात कमी शब्द.

"आम्ही या वयात रंधा मारायचा?" हिंदुरावांनी विचारलं.

"नका मारू."

...

"कधीपासून येऊ?"

"आलाय की."

असे हिंदुराव शिष्य झाले.

तिसऱ्या दिवशी लाकडावर माप टाकायची वेळ आली.

भिंतीवर खिळ्याला स्टीलच्या दोन पट्ट्या टांगल्या होत्या. एक काळपट होती, कोपरे झिजलेले. दुसरी चकचकीत, रेघा ठसठशीत. खराड्यांच्या हाताला झिजलेली वस्तू कशी चालेल? हिंदुरावांनी चकचकीत पट्टी उचलली.

मिस्त्रींनी बशी खाली ठेवली.

"दादा, ती पट्टी..."

"मापाचं आम्हाला सांगू नका, मिस्त्री. पटाशी कशी धरायची ते शिकवा. माप आम्हाला कळतं. चार गाड्या सांभाळल्यात आम्ही."

मिस्त्री त्यांच्याकडं बघत राहिले...

मग त्यांनी बशी पुन्हा उचलली.

दोन वर्षं हिंदुराव रोज सकाळी दहाला येत आणि दुपारी दोनला जात. आधी धोतर नेसून येत, मग लेंगा घालून येऊ लागले. तशाच जुन्या गाड्या कुणाकुणाकडं आहेत ते त्यांनी शोधून काढलं. गडहिंग्लजच्या एका डॉक्टरांकडं फियाट निघाली. तिच्याखाली पाठीवर झोपून, हातात टेप धरून त्यांनी माप घेतलं, तेव्हा डॉक्टरांच्या कंपाउंडरला वाटलं, चोर शिरला. प्रत्येक माप वहीत लिहायचं, त्याला सोळानं भागायचं आणि आलेला आकडा चकचकीत पट्टीनं लाकडावर टाकायचा.

पटाशी बोटात घुसली. अंगठी काढून ठेवावी लागली. कंटेसाचं नाक अकरा वेळा केलं. अकरापैकी दहा बंबात गेली.

"आता कसं आहे?" ते विचारत.

मिस्त्री डोळे मिटून नाकावरून अंगठा फिरवत.

"हं."

"हं म्हणजे?"

"हं म्हंजे हं."

"चांगलं आहे की वाईट आहे?"

"तुमचं हाय."

पण काम खरंच चांगलं होत होतं. फियाटचे दरवाजे उघडत होते. जीपची काच पुढं आडवी पडत होती. अँबॅसिडरवर सात वेळा रंग चढवला आणि सातही वेळा घासला, तेव्हा तिच्यात तोंड दिसू लागलं. हिंदुराव तिच्यात बघून मिशी नीट करत. झालेलं प्रत्येक माप ते पट्टी लावून पुन्हा तपासत. पट्टीत आणि वहीत कधी केसाचा फरक येत नसे.

एके दिवशी नेर्लेकर सर आले. ते टेक्निकल हायस्कूलमधून निवृत्त झालेले, आणि ज्येष्ठ नागरिक संघाचे सेक्रेटरी. संघानं छंदांचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं होतं. सरांच्या खिशात पेनाशेजारी व्हर्नियर असे, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन. निवृत्त झाल्यावर माणसं देवदर्शनाला जातात. सर मापं घेत हिंडत.

त्यांनी अँबॅसिडर हातात घेतली, डोळ्यांसमोर फिरवली.

"खेळणं छान झालंय हं, हिंदुराव."

मिस्त्रींचा रंधा थांबला.

"खेळणं?" हिंदुराव उठून उभे राहिले. "सर, ही गाडी आहे. सोळाव्या हिश्शाची."

"अंदाजे."

"अंदाजे काय म्हणून? तंतोतंत!"

"अहो, हौसेचं काम. थोडं इकडंतिकडं व्हायचंच. त्यात लाजण्यासारखं काय आहे?"

"लाजायचं तुमच्यासारख्यांनी. खराड्यांच्या कामात इकडंतिकडं होत नाही."

"मग मोजू का प्रदर्शनात? सगळ्यांसमोर?"

"मोजा. चारही मोजा. सुतापेक्षा जास्त फरक निघाला, तर तिथंच ही मिशी उतरवतो."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तांदळाच्या दाण्याच्या लांबीच्याही आत. नेर्लेकर सरांचे डोळे चमकले.

"पत्रिकेत छापू?"

"ठळक छापा."

सर गेले. हिंदुराव मिस्त्रींकडं वळले.

"काय, मिस्त्री? बरोबर बोललो ना?"

मिस्त्री भुशात काहीतरी शोधत होते...

"बोललाय खरं," ते म्हणाले.

संघानं खरंच छापलं. गल्लीच्या तोंडाशी फळ्यावरही लिहिलं. पानवाला हिंदुरावांना बघितलं की आपल्या वरच्या ओठावरून बोट फिरवी. हिंदुराव हसून त्याला दुप्पट पीळ दाखवत. त्यांना एका गोष्टीची खात्री होती : आयुष्यात बाकी सगळं हातातून निसटलं असेल, पण या चार गाड्या त्यांनी स्वतः केल्या होत्या आणि त्या खऱ्या होत्या. कुणी त्यांना खोटं म्हटलं असतं, तर त्या पहिल्या चारही कधी नव्हत्या असं म्हटल्यासारखं झालं असतं.

प्रदर्शनासाठी त्यांनी काचेची पेटी करायला टाकली. चार कप्पे, प्रत्येक कप्पा वहीतल्या मापाचा.

"बोटभर जागा सोडू का?" काचवाल्यानं विचारलं.

"रेघभर सुद्धा नको. कप्प्यात गाडी अशी बसली पाहिजे, की बघणाऱ्यानं श्वास रोखावा."

प्रदर्शन शुक्रवारी होतं. पेटी सोमवारी आली.

फियाट कप्प्यात गेली नाही.

अँबॅसिडर गेली नाही. कंटेसा तर नाहीच. जीपसुद्धा अडली. हिंदुरावांनी काचवाल्याला बोलावून घेतलं आणि फैलावर घेतलं. त्यानं निमूटपणे टेप काढला आणि एकेक कप्पा मोजून दाखवला. पेटी बरोबर होती. मग त्यानं टेप अँबॅसिडरला लावला...

आणि टेप मिटला.

हिंदुराव अँबॅसिडर टॉवेलात गुंडाळून उद्यमनगरात आले. जिन्यावर दोनदा थांबावं लागलं.

"तुमची पट्टी खोटी आहे!"

मिस्त्रींनी मान वर केली.

"खोटी आहे! काचवाल्याचा टेप वेगळं सांगतो, घरातला टेप वेगळं सांगतो. दोन वर्षं आम्ही खोट्या पट्टीनं काम केलं!"

मिस्त्री उठले. भिंतीवरच्या दोन्ही पट्ट्या काढल्या आणि बाकावर शेजारी शेजारी ठेवल्या, एकीकडची टोकं जुळवून. पहिल्या रेघा जुळत होत्या. दहा सेंटिमीटरवर थोडा फरक. वीसवर अजून थोडा. तिसावर चकचकीत पट्टीची रेघ झिजलेलीच्या रेघेपुढं चार मिलिमीटर गेली होती.

सुतापेक्षा जरा जास्त.

"खोटी न्हाई," मिस्त्री म्हणाले. "वतायच्या कामाची हाय."

"म्हणजे?"

"धातू तापला की फुगतोय. थंड हुताना आकसतोय. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायला लागतोय. ती वाढ या पट्टीतच धरलेली हाय. ॲल्युमिनियम वतायची पट्टी ही."

"पण आम्हाला कुठं काय ओतायचंय!"

"व्हय की."

"मग?"

"ही पट्टी जे अजून व्हायचं हाय त्याची. तुमचं तर हून गेलेलं."

हिंदुराव स्टुलावर बसले. टॉवेलातली अँबॅसिडर मांडीवर होती. तिच्या टपात त्यांचं तोंड दिसत होतं. त्यांनी टॉवेल वर ओढला.

"इतक्या वेळा तपासलं मी... रोज तपासलं..."

"कशानं?"

"त्याच पट्टीनं," हिंदुराव म्हणाले.

बाहेर कुठल्याशा फौंड्रीत वाळू चाळल्याचा आवाज येत होता.

"आणि तुम्ही! दोन वर्षं समोर बसून गप्प राहिलात?"

"मी गप्प न्हवतो, दादा. तुम्ही बोलत हुता."

हिंदुरावांनी बाकावरची कानस उचलली आणि अँबॅसिडरच्या नाकाला लावली. सूतभर घासायचं, चार दिवस होते. पण पुढून घासलं तर दिवे जातात, मागून घासलं तर डिकी जाते. आणि नुसती लांबीच नाही, रुंदी, उंची, चाकं, सगळीच गाडी थोडी थोडी मोठी होती. जिथं हात लावावा तिथं ती मोठी होती.

कानस परत बाकावर आली.

हिंदुराव बोलले, तेव्हा आवाज खाली आला होता, आणि नजर मिस्त्रींकडं नव्हती.

"मिस्त्री... एक करा."

"सांगा."

"शुक्रवारी प्रदर्शनाला या. सरांनी मोजलं की उभे राहा आणि एवढंच म्हणा, की पट्टी खराब होती. तुमच्या कारखान्यातली पट्टी, तुम्ही दिलेली. यात आमचा काही दोष नाही."

आता खरं तर पट्टी मिस्त्रींनी दिली नव्हती. ते दोघांनाही माहीत होतं.

"बरं," मिस्त्री म्हणाले.

"काय म्हणाल?"

"बाबालालची पट्टी खोटी निघाली, म्हणीन."

त्यांनी चकचकीत पट्टी बनियनच्या टोकानं पुसली, वर्तमानपत्रात गुंडाळली, दोरा बांधला आणि हिंदुरावांच्या हातात दिली.

"ही ठेवा. पुरावा लागंल. न्हाईतर लोक म्हणतील, म्हाताऱ्याला काय कळतंय. शुक्रवार म्हंजे जुम्मा. नमाज झाली की येतो."

एवढं बोलून ते पुन्हा कामाला बसले. तोंडावर राग नाही, उपकार केल्याचा भाव नाही. कुणी पत्ता विचारावा आणि सांगावा, तसं.

हिंदुराव निघणार, एवढ्यात एका फौंड्रीचा मुकादम आत आला. बाकावर एक पॅटर्न तयार होता, लाल रंगवलेला. मुकादमानं तो उचलला, पोत्यात घातला आणि वळला.

"मापून नाही बघत?" हिंदुरावांच्या तोंडून गेलं.

मुकादम हसला. "कुणाचं? बाबालाल मिस्त्रीचं? काय तरी काय, मालक! माझा मालक ऐकला तर मलाच मापंल."

तो गेला.

हिंदुरावांच्या काखेत वर्तमानपत्राची गुंडाळी होती. घरी जाईपर्यंत त्यांनी ती तीन वेळा या काखेतून त्या काखेत घेतली. हातभर पोलादाची पट्टी, तिला वजन असं किती असणार...

शुक्रवारी हॉल भरला होता. मधाचे प्रकार, पोस्टाची तिकिटं, विणलेले हत्ती, एका काकूंनी बाटलीत घातलेलं अख्खं देऊळ. पण गर्दी होती ती चार गाड्यांच्या टेबलाभोवती. काचेची पेटी नव्हती. पांढऱ्या चादरीवर गाड्या उघड्याच ठेवल्या होत्या. फेटा बांधून हिंदुराव मागं उभे. वर्तमानपत्राची गुंडाळी हातात. पहिल्या रांगेत हौसेनं आलेला पानवाला. शेवटच्या खुर्चीवर, धुतलेली टोपी घालून, बाबालाल मिस्त्री.

नेर्लेकर सरांनी पिशवीतून मोठा व्हर्नियर काढला.

"जीप." त्यांनी मोजली, कागदावरचा आकडा पाहिला, पुन्हा मोजली. "फरक आहे. पण सुताच्या आत."

टाळ्या पडल्या.

"फियाट... अगदी सुतावर. हं, संशयाचा फायदा देऊ."

पुन्हा टाळ्या.

"अँबॅसिडर..."

सरांनी तीनदा मोजलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला. पैज त्यांनीच लावून घेतली होती, पण आता त्यांचाच चेहरा उतरला.

"हिंदुराव... सुतापेक्षा जरा जास्त आहे."



"आणि कंटेसा?" हिंदुरावांनी विचारलं.

"कंटेसा अजून थोडी."

शेवटच्या रांगेत खुर्ची सरकली. बाबालाल मिस्त्री उभे राहिले होते. टोपी नीट केली.

"सर, त्याचं असं हाय, की माझी ती पट्टी..."

"खाली बसा, मिस्त्री!"

हिंदुरावांचा आवाज असा निघाला की बाटलीतल्या देवळाच्या काकू दचकल्या. कंटेसाच्या दिवसांत हा आवाज गल्लीच्या त्या टोकापर्यंत जाई. इतक्या वर्षांनी तो पुन्हा निघाला होता.

"बसा म्हणतो ना!"

मिस्त्री बसले.

हिंदुरावांनी गुंडाळीचा दोरा सोडला, पट्टी काढली आणि डोक्यावर धरली. चौफेर फिरवून दाखवली.

"ही बाबालाल मिस्त्रींची पट्टी. हिच्यावर आख्खं उद्यमनगर चालतं. ही खरी आहे. आम्हीच ती न विचारता उचलली, आणि ते सांगायला लागले तर त्यांना बोलू दिलं नाही. मापात काही चुकलं नाही, सर. वाढीव आहोत ते आम्ही. आता न्हाव्याला बोलवा."

"अहो हिंदुराव, थट्टेचं होतं ते..." नेर्लेकर सर म्हणाले.

"पत्रिकेत छापलंय ना? ठळक?"

"हो, पण..."

"मग बोलवा. आणि आरसा नको म्हणावं. आम्ही डोळे मिटणार नाही."

न्हावी आला. हिंदुराव खुर्चीवर ताठ बसले. फेटा काढला नाही. वस्तरा फिरला, तेव्हा पानवाल्यानं मान खाली घातली. हिंदुरावांनी घातली नाही. पाहणाऱ्यांना वाटलं, या माणसाची मिशी उतरवत नाहीत, ठेवत आहेत.

मिस्त्री केव्हा उठून गेले, ते कुणी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बरोबर दहाला हिंदुराव उद्यमनगरात हजर.

मिस्त्रींनी दोरीचा चष्मा वर सरकवला. "कोण पायजे?"

"मिस्त्री! आम्ही."

"असं व्हय. बसा की."

हिंदुराव बसले. पट्टी पुढं केली. मिस्त्रींनी ती घेतली आणि खिळ्याला टांगली. मग रंधा हातात घेतला. लाकडाचा एक लांब, पातळ छिलका गुंडाळत गुंडाळत खाली पडला.

हिंदुराव वाट बघत होते. दोन वर्षांत त्यांनी कालच्याएवढं नेमकं काम एकदाही केलं नव्हतं, आणि आज तरी नुसत्या ‘हं’वर भागणार नाही, याची त्यांना खात्री होती.

दुसरा छिलका पडला.

"काल हॉलमध्ये कमीत कमी दोनशे माणसं होती," हिंदुराव म्हणाले.

"हुती."

"दोनशे माणसांत मिशी दिली आम्ही."

"दिली."

"पण तुमच्या पट्टीला धक्का लागू दिला नाही. तुमची पट्टी आम्ही वाचवली, मिस्त्री."

मिस्त्रींनी रंधा थांबवला. भिंतीवरच्या पट्टीकडं पाहिलं. मग हिंदुरावांकडं.

"तिला काय हुणार हुतं, दादा? मी खोटी म्हटलो असतो, तरी ती हाय तेवढीच ऱ्हायली असती."

हिंदुरावांचा हात ओठावर गेला. तिथं पिळायला काही नव्हतं. हात तसाच खाली आला.

त्यांना आधी राग आला. मग त्यांनी भिंतीवरच्या पट्टीकडं पाहिलं. पट्टी खिळ्यावर हलत होती, हलायची थांबली. रागही कुठं ठेवावा ते त्यांना कळेना. बाहेर फौंड्रीत ओतकाम सुरू झालं होतं. जळक्या वाळूचा वास आत आला.

"सांगायला लाज वाटते," ते म्हणाले. "गाड्या अजून आवडतात आम्हाला. मोठ्या झाल्या तरी. काल रात्री चादर काढून परत बघितल्या."

"मला बी आवडल्या."

हिंदुरावांनी चमकून वर पाहिलं. मिस्त्री चहा ओतत होते. दोन बशा होत्या. आजवर एकच असे.

"खरं सांगताय?"

"कंटेसाचं नाक," मिस्त्री म्हणाले. "ते मला सुद्धा जमलं नसतं."

हिंदुरावांनी बशी घेतली, पण पिणं झालं नाही. बशी हातात तशीच राहिली. डोळे भरून आलेले मिस्त्रींना दिसू नयेत, म्हणून ते भिंतीवरच्या पट्ट्यांकडं बघत बसले. छाती मात्र आपोआप पुढं आली.

"पण आता काम संपलं," थोड्या वेळानं ते म्हणाले. "चारच गाड्या होत्या आमच्या. चारही झाल्या. उद्यापासून इथं येऊन करायचं काय?"

मिस्त्री उठले. कोपऱ्यातल्या फळ्यांमागून सागवानाचा एक मोठा ठोकळा ओढून काढला. फुंकर मारून त्यावरची धूळ उडवली. तो हिंदुरावांच्या मांडीवर ठेवला.

"कुठली करू?" हिंदुरावांनी विचारलं.

"आता जी तुमची कधीच न्हवती, ती करा."

तो ठोकळा रोज दुपारी घरी येतो, म्हणून त्याचं पुढं काय होतंय ते मी रोज बघते आहे. काल तर त्याला पहिलं चाक लागलं, आणि ते बघून आजी म्हणाली, की ही गाडी तर... आई हाका मारते आहे. आले गं आई, आले!